नॉर्वेच्या फ्योर्ड प्रदेशात कॅम्परव्हॅनने प्रवास: मार्ग, गाडी आणि मुक्कामाविषयी सल्ला हवा आहे

सह्यगंध:

नमस्कार. येत्या जूनच्या उत्तरार्धात आम्ही पुण्याहून नॉर्वेला जाण्याचे ठरवीत आहोत. आम्ही दोघे पती-पत्नी, बारा व आठ वर्षांची दोन मुले आणि माझे सासरे असे पाचजण आहोत. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे; चालण्याफिरण्यास ते धडधाकट आहेत, परंतु ते पूर्ण शाकाहारी आहेत आणि रात्रीची झोप नीट झाली नाही तर त्यांना त्रास होतो. हाताशी जेमतेम दोन आठवडे आहेत.

सध्याचा आराखडा असा आहे: ओस्लोला उतरून कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची, बर्गन, फ्लोम आणि गायरांगेर पाहायचे, ट्रोलस्टिगेनचा घाट चढायचा आणि तसेच उत्तरेकडे लोफोटेनमार्गे ट्रोम्सोपर्यंत जाऊन मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा. तेथून विमानाने परत यायचे. हे या दिवसांत बसेल का?

सह्याद्रीतील घाटांत मी अनेक वर्षे गाडी चालवीत आलो आहे, मात्र रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालविलेली नाही. शिवाय, नॉर्वेत कायद्यानेच कोठेही मुक्काम करण्याचा हक्क आहे, त्यामुळे कॅम्पिंगच्या जागेवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही, असे दोघा-तिघांनी सांगितले आहे. हे कितपत खरे आहे? गाडी कोणती घ्यावी, जेवणाचे काय करावे आणि वडीलधाऱ्या माणसाला हा प्रवास झेपेल का, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बर्गननिवासी:

सह्यगंध, तुमच्या आराखड्यातून लोफोटेन आणि ट्रोम्सो ही दोन नावे आधी काढून टाका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ओस्लो ते ट्रोम्सो हे अंतर १६०० किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यात फ्योर्डांच्या काठाने पश्चिमेकडे घेतलेला वळसा धरला, तर तुमचे बहुतेक दिवस चाकामागेच जातील. येथे नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही आणि त्याचे कारण या भूमीच्या घडणीतच आहे. हिमयुगात हिमनद्यांनी खोदलेल्या दऱ्यांमध्ये पुढे समुद्राचे पाणी शिरले, तेच हे फ्योर्ड. सोग्नेफ्योर्ड किनाऱ्यापासून सुमारे २०५ किलोमीटर आत गेलेला आहे आणि त्याचा तळ १३०० मीटरहून खोल आहे. दोन्ही काठ उभे कातळाचे असल्यामुळे रस्त्याला तीनच वाटा उरतात: पाण्याच्या कडेने चिंचोळ्या पट्टीवरून जाणे, डोंगराच्या पोटात बोगद्यात शिरणे, किंवा पाण्यापाशी संपून फेरीबोटीच्या हवाली होणे. अशा रस्त्यांवर मोठ्या गाडीने दिवसाकाठी दीडशे किलोमीटर पुरेसे होतात. त्याहून अधिक ठरविले, तर ज्यासाठी आलो तेच खिडकीतून मागे पळताना पाहावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा, की विमानाने थेट बर्गनला या, गाडी बर्गनलाच घ्या आणि बर्गनलाच परत करा. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे शुल्क बहुतेक ठिकाणी भरपूर असते. बर्गनहून नोरहाइमसुंदमार्गे हार्डांगरफ्योर्डच्या काठी जावे, क्वानदालहून फेरीने ऊतने येथे उतरावे आणि लोफ्तहूसच्या बाजूने ओड्डापर्यंत जावे. हा सफरचंदाच्या बागांचा प्रदेश आहे. बहर मे महिन्यात असतो, तो तुम्हाला मिळणार नाही, पण जूनमध्ये वितळणाऱ्या बर्फामुळे धबधबे ऐन भरात असतात. ओड्डाच्या दक्षिणेला लोतेफॉस हा जोडधबधबा १३ क्रमांकाच्या रस्त्याला अगदी लागून आहे. १६५ मीटरवरून येणारे त्याचे पाणी सहा कमानींच्या जुन्या दगडी पुलाखालून जाते आणि पुलावरून गाडी नेताना तुषारांमुळे समोरची काच एका क्षणात पांढरी होते. पुलावर शिरण्याआधीच वायपर सुरू करावेत आणि तेथे मध्ये थांबू नये, कारण समोरून बस येण्याची शक्यता नेहमीच असते.

ओड्डाहून परत उत्तरेकडे येऊन हार्डांगर पूल ओलांडावा. २०१३ मध्ये खुला झालेल्या या झुलत्या पुलाचा मुख्य गाळा १३१० मीटरचा आहे आणि पूल संपताच रस्ता बोगद्यात शिरून तेथे चक्क डोंगराच्या आत वर्तुळाकार चौक लागतो, त्यामुळे वेग आधीच कमी ठेवावा. पुढे वॉस, गुडवांगेन आणि फ्लोम. गुडवांगेनपाशी नेरॉयफ्योर्ड आहे, जो सर्वांत अरुंद ठिकाणी केवळ २५० मीटर रुंद आहे आणि २००५ पासून गायरांगेरफ्योर्डसह जागतिक वारसा यादीत आहे. तेथे गाडी तळावर लावून विजेवर चालणाऱ्या बोटीने फ्लोमपर्यंत जाऊन बसने परत येता येते. तुमच्या सासऱ्यांना संपूर्ण प्रवासात सर्वाधिक समाधान याच दोन तासांत मिळेल, असे मला मनापासून वाटते, कारण त्यात चढउतार नाही आणि गाडी चालविणाऱ्यालाही त्या वेळी मान वर करून पाहता येते.

आउरलान्दहून लेर्दालकडे जाण्यास दोन मार्ग आहेत. एक म्हणजे २००० साली खुला झालेला २४.५ किलोमीटरचा लेर्दाल बोगदा, जो जगातील सर्वांत लांब रस्ते-बोगदा आहे. चालकाला एकसुरीपणामुळे झापड येऊ नये म्हणून त्यात तीन ठिकाणी निळ्या प्रकाशाची मोठी दालने खोदलेली आहेत. दुसरा म्हणजे त्याच डोंगरावरून जाणारा ४७ किलोमीटरचा जुना आउरलान्दफ्येल रस्ता, जो हिवाळ्यात बंद असतो आणि साधारणपणे जूनच्या सुरुवातीपर्यंत खुला होतो. तुम्ही जाल तेव्हाही माथ्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असू शकतात. या रस्त्यावर आउरलान्दच्या बाजूने चढताना फ्योर्डपासून ६५० मीटर उंचीवर स्टेगास्टाइन हा लाकूड आणि पोलादाचा सज्जा आहे, जो कड्यापासून ३० मीटर पुढे हवेत काढलेला आहे. हवा स्वच्छ असेल तर डोंगरावरून जावे, ढग उतरलेले असतील तर मुकाट्याने बोगदा धरावा. स्टेगास्टाइनपर्यंतचा चढ मात्र अरुंद आहे आणि गाडी लावण्यास जागा मोजकीच असते. सकाळी लवकर किंवा रात्री आठनंतर जावे. त्या दिवसांत येथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उशिरा गेल्याने काही बिघडत नाही. तुम्हाला हवा असलेला मध्यरात्रीचा सूर्य आर्क्टिक वृत्ताच्या खाली दिसत नाही हे खरे, पण काळोख असा येथेही पडत नाही.

लेर्दालनंतर बोर्गुंडचे बाराव्या शतकातील लाकडी चर्च पाहून फोदनेस–मानहेलर फेरीने सोग्नेफ्योर्ड ओलांडावा आणि फ्यारलान्दला मुक्काम करावा. युस्टेडाल ही युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठी हिमनदी याच गावाच्या माथ्यावर आहे. येथे जुन्या पुस्तकांनी भरलेली दुकाने आहेत, तीही गोठ्यांत आणि जुन्या कोठारांत. वाचणारे घर असेल तर एक दुपार तेथे सहज जाते. तेथून परतीला ई-३९ रस्त्याने लाविक–ओप्पेदाल फेरी घेऊन बर्गन. याच फेरीवर २०१५ मध्ये जगातील पहिली बॅटरीवर चालणारी मोटारवाहू बोट सुरू झाली.

आता मुक्कामाच्या हक्काविषयी, कारण या बाबतीत आपल्या लोकांत फार मोठा गैरसमज पसरलेला आहे. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या, बिनलागवडीच्या जमिनीवर पायी फिरण्याचा आणि वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर अंतर राखून तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे. हा हक्क माणसाचा आहे, मोटारीचा नाही. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर वाहन नेण्यास वेगळ्या कायद्याने बंदीच आहे. रस्त्याकडेच्या विसाव्याच्या जागी, खासगी वाटेवर किंवा एखाद्याच्या कुरणाच्या तोंडाशी गाडी उभी करून झोपणे हे त्या हक्कात येत नाही आणि फ्योर्डकाठच्या बहुतेक गावांत आता रात्रीच्या मुक्कामास मनाई करणारे फलक लागलेले आहेत. गायरांगेरसारख्या गावात कायमची वस्ती दोन-अडीचशे माणसांची आहे. उन्हाळ्यात तेथे रोज जितक्या गाड्या येतात, त्यांनी प्रत्येकी एक रात्र पाण्याच्या कडेला काढायची ठरविली, तर त्या गावाला स्वतःचा किनारा उरणार नाही. मी येथे राहतो म्हणून सांगतो, शेतकऱ्यांच्या तोंडून हे गाऱ्हाणे मी सतत ऐकतो आणि ते रास्त आहे. कॅम्पिंगच्या तळावर एका रात्रीचे साधारण ३०० ते ५०० क्रोन पडतात. तेथे वीज, गरम पाणी, स्वयंपाकघर आणि शौचटाकी रिकामी करण्याची सोय असते. ते पैसे द्यावेत.

अनघा सातारकर:

वरच्या उत्तरात मार्गाविषयी सर्व काही आलेले आहे, म्हणून मी गाडीच्या आतल्या गोष्टींविषयी लिहिते. आम्ही माझ्या आईवडिलांना घेऊन याच भागात फिरलो आहोत.

गाडी निवडताना जाहिरातीत किती जण झोपू शकतात हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, पण प्रवासात पट्ट्यासह बसण्याच्या जागा किती आहेत हे वेगळे विचारावे लागते. पाच माणसांसाठी हा प्रश्न कळीचा आहे. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला नॉर्वेत योग्य आसन बंधनकारक आहे, तेव्हा धाकट्यासाठी ते गाडीबरोबरच मागून घ्यावे. चालकाच्या डोक्यावरचा पलंग मुलांना फार आवडतो, परंतु तेथे शिडीने चढावे लागते. आजोबांसाठी मागच्या बाजूचा, खालून चढता येईल असा कायमचा पलंग असलेलीच गाडी घ्यावी. रोज रात्री टेबल उतरवून अंथरूण करावे लागणारी रचना वयस्कर माणसाला दोन दिवसांत नकोशी होते.

शौचालयाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. बाहेरच्या बाजूच्या छोट्या दारातून एक चाकांची टाकी ओढून काढायची, ती ठरावीक ठिकाणीच रिकामी करायची, विसळायची आणि निळे रसायन घालून परत बसवायची असते. पाच माणसे असतील तर हे काम दर दुसऱ्या दिवशी येते. त्या जागेवर टाकी धुण्याचा नळ आणि पिण्याचे पाणी भरण्याचा नळ वेगवेगळे असतात आणि त्यांवर चित्रे असतात. आपली पिण्याच्या पाण्याची नळी धुण्याच्या नळाला कधीही लावू नये. सांडपाणीसुद्धा रस्त्याकडेला सोडून चालत नाही. हे काम घरातील कोणी करायचे, हे पुण्यातच ठरवून यावे.

जेवणाची चिंता करण्याचे कारण नाही. डाळ, तांदूळ, भाज्या, दही, दूध येथील साध्या किराणा दुकानांत मिळते आणि नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते. बहुतेक मोठी दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारी सामान भरावे. भारतातून येताना भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे आणावेत, परंतु तूप, पेढे, खवा किंवा दुधाचा कोणताही पदार्थ आणू नये, कारण युरोपबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास येथे मनाई आहे. लोणी येथे उत्तम मिळते; कॅम्पिंगच्या तळावरील स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी तूप कढवून बरणीत भरून ठेवावे. फोडणी गाडीत करू नये. पावसात खिडक्या बंद असतात, जिरे-मोहरीचा वास पांघरुणांत जाऊन बसतो आणि धुराचा गजर लगेच वाजू लागतो. तळाच्या स्वयंपाकघरात प्रशस्त ओटा असतो आणि शेजारी बटाटे उकडीत असलेले लोक आनंदाने चव मागतात.

आणखी एक, मनापासून. सलग दोन दिवस पाऊस लागला, आणि या किनाऱ्यावर तो लागतोच, तर पाच माणसांना गाडीत कोंडल्यासारखे होते. जवळजवळ प्रत्येक तळावर लहान लाकडी केबिन भाड्याने मिळतात. तशा एक-दोन रात्री आजोबांसाठी राखून ठेवाव्यात. ओले कपडेही तेथे वाळतात.

उत्तरवाट:

बर्गननिवासी यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, मात्र गायरांगेर त्यांनी आराखड्यातून वगळलेले दिसते, ते मला पटत नाही. फ्यारलान्दहून स्ट्रीनमार्गे हेलेसिल्ट गाठावे आणि तेथून गायरांगेरला सुमारे तासाभराची मोटारवाहू बोट घ्यावी. ‘सात बहिणी’ हा धबधबा या बोटीवरून जसा दिसतो तसा कोणत्याही रस्त्यावरून दिसत नाही. उन्हाळ्यात या बोटीसाठी आधी आरक्षण करणे आवश्यक आहे. ट्रोलस्टिगेन मात्र सोडून द्यावा. ११ वळणांचा हा रस्ता १९३६ साली खुला झाला. वळणे मोठ्या गाडीलाही घेता येतात, पण दरडींचे संकट तेथे कायम आहे आणि २०२४ मध्ये याच कारणाने उन्हाळ्यातच तो बंद करावा लागला होता. त्याच्या भरवशावर परतीचे गणित बांधू नये. रस्ते खुले आहेत की नाहीत, हे नॉर्वेच्या रस्ते विभागाच्या १७५ या क्रमांकावर कळते.

चालविण्याविषयी. घाटांचा सराव येथे पुष्कळ उपयोगी पडतो, विशेषतः उतारावर खालच्या गिअरमध्ये राहण्याची सवय, कारण साडेतीन टनांच्या गाडीचे ब्रेक लांब उतारावर तापून निकामी होऊ शकतात. जे शिकावे लागेल ते वेगळे आहे. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो रस्ता कितीही लहान असो. पांढऱ्या कडेचा, हिऱ्याच्या आकाराचा पिवळा फलक दिसला तर आपला रस्ता प्राधान्याचा. अरुंद रस्त्यावर निळ्या फलकावर पांढरा ‘एम’ असेल तेथे दोन गाड्या एकमेकींना वाट देतात. ज्याला ती जागा जवळ, त्याने थांबायचे किंवा मागे घ्यायचे. हॉर्न कोणी वाजवीत नाही. मागे चार-पाच गाड्या साचल्या की जागा मिळताच बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. दिवसाही दिवे लावलेले असावे लागतात. वस्तीबाहेर ताशी ८० आणि वस्तीत ५० ही सर्वसाधारण मर्यादा आहे आणि दंड इतका जबर असतो, की तो टाळणे हेच शहाणपणाचे. परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणावा; तो वर्षभर चालतो आणि भाड्याने गाडी देणारे तो बहुधा मागतात.

सह्यगंध:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ट्रोम्सो आणि लोफोटेन रद्द केले आहे. घरातही सर्वांना ते पटले. बर्गनहून बर्गनपर्यंत, गायरांगेर धरून, असा आराखडा करीत आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. फेरीबोटींचे तिकीट कसे काढायचे आणि गाडी बोटीवर चढविताना काय काळजी घ्यायची? आणि जूनऐवजी जुलैच्या मध्यावर गेलो तर मुलांच्या दृष्टीने हवा अधिक उबदार मिळेल का?

बर्गननिवासी:

गायरांगेरविषयी उत्तरवाट यांचे म्हणणे मी मान्य करतो. बोटीने जाणार असाल तर तो वळसा सार्थकी लागेल.

दाभोळच्या खाडीतून जीप घेऊन पलीकडे धोपाव्याला तुम्ही गेला असाल, तर या फेऱ्यांची रीत तुम्हाला ओळखीचीच वाटेल. नेहमीच्या फेऱ्यांना आरक्षण नसते. धक्क्यावर रांगांचे पट्टे आखलेले असतात, त्यांत उभे राहायचे आणि बोटीवरचा माणूस हात करील त्या ओळीत शिरायचे. तो तुम्हाला समोरच्या गाडीपासून वीतभर अंतरापर्यंत पुढे बोलावतो. त्याच्या हातावर विश्वास ठेवावा, आरशात पाहत बसू नये. गाडीची उंची आणि लांबी एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवून ठेवा, कारण कडेच्या ओळींवर वरचा डेक खाली असतो. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि गॅसच्या टाकीची तोटी बंद, एवढे झाले की खाली उतरून वर जावे. पैसे बहुतेक ठिकाणी वाहनाच्या क्रमांकाचे छायाचित्र घेऊन आपोआप आकारले जातात आणि रस्त्यांच्या पथकरासह ते गाडीमालकाकडून तुमच्या कार्डावर नंतर येतात. गाडी घेतानाच त्यांच्याकडे टोल आणि फेरीच्या सवलतीची नोंदणी आहे का, हे विचारून घ्या, कारण नोंदणी असेल तर फेरीचा दर बराच उतरतो. गाडी सहा मीटरच्या आत बसली तर पाहा. लांबीनुसार दर वाढतो आणि घाटातली वळणेही सोपी होतात. मात्र पाच जणांसाठी कायमचा पलंग हवा असेल, तर थोडी अधिक लांबी पत्करावीच लागेल.

जुलैविषयी माझे स्पष्ट मत नकारार्थी आहे. हवा एक-दोन अंशांनी उबदार असेल, पण जुलैत येथील बहुतेक लोक एकदमच सुट्टीवर निघतात, जर्मनी आणि नेदरलँड्समधून गाड्यांचा ओघ सुरू होतो आणि फ्योर्डकाठचे तळ दुपारी चारलाच भरतात. जूनच्या उत्तरार्धात तळावर आदल्या दिवशी फोन केला तरी पाण्याच्या कडेची जागा मिळण्याची शक्यता असते आणि धबधब्यांना पाणीही अधिक असते. मुलांसाठी लोकरीचे आतले कपडे आणि चांगला रेनकोट एवढे पुरे. फ्लोम आणि गायरांगेर येथील मुक्काम मात्र आत्ताच राखून ठेवा. बाकीचे वाटेत ठरवता येईल.